चार फेऱ्यांची ताकद

डिझेल इंजिनाची ताकद वाढवायची म्हटलं की मिस्त्रीचा हात आधी पंपाकडे जातो. पंप थोडा वाढवला, प्रत्येक फवाऱ्यात डिझेल जरा जास्त गेलं, की गाडी लगेच ओढायला लागते. हा अनुभव खोटा नाही. पण माझी उमेदीची वर्षं इंजिनं चालवून तपासायच्या टेस्ट बेडवर गेली आणि तिथल्या आवाजात, तिथल्या उकाड्यात एक सवय अंगी लागली. कुणी ताकदीचा आकडा सांगितला की मी विचारते, ‘किती वेळ?’ दहा सेकंद, दहा मिनिटं की दहा तास? सहा सिलिंडरचं एकच इंजिन या तीन मुदतींना तीन वेगळे आकडे देतं, आणि हे तिन्ही आकडे खरे असतात.

पंप वाढवून मिळणारी ताकद कुठे अडते ते आधी पाहू. २५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला २५०० फेऱ्यांना, क्रँक हा इंजिनाचा मुख्य दांडा एका सेकंदात १५,००० अंश फिरतो. फवारा तीस अंश चालला, तर त्याला मिळाला सेकंदाचा पाचशेवा भाग. एवढ्या वेळात डिझेलचं वाफेत रूपांतर व्हायचं, त्याला हवा सापडायची आणि ते जळायचं. एक किलो डिझेल पुरतं जळायला हिशेबाने साडेचौदा किलोच्या आसपास हवा पुरते. पण या घाईत कोपऱ्यातली हवा कामाला येत नाही. म्हणून प्रत्यक्षात अठरा-वीस किलोच्या खाली उतरलं की काजळी धरायला लागते. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकणी मारली नाही, तर घरभर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. इंजिनाचंही तेच. डिझेल हवं तेवढं घालता येतं, हवा मिळवावी लागते.

हवा मिळवायची तर टर्बो हवा. बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूवर एक पाती फिरवायची आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पात्याने आत येणारी हवा दाबायची. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. दाबलेली हवा मात्र तापते. तीस अंश सेल्सियसची हवा दुप्पट दाबाला नेली की साधारण टर्बोतून ती १२० अंशांच्या वर जाऊन बाहेर येते, आणि तापली म्हणजे पुन्हा फुगली. मग तिला इंटरकूलरमधून फिरवून पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत खाली आणायची. नुसत्या या गार करण्याने त्याच दाबाला सुमारे वीस टक्के जास्त हवा सिलिंडरमध्ये मावते. बंपरमागे लपलेला अ‍ॅल्युमिनियमचा जाळीदार डबा कुणाच्या नजरेत भरत नाही. ताकद वाढवण्याच्या कामातला सगळ्यात सज्जन भाग मात्र तोच, असं माझं मत आहे. तो ताकदही देतो आणि उष्णताही कमी करतो. दोन्ही एकदम देणारी वस्तू इंजिनात फारशी सापडत नाही.

अमेरिकेत ट्रकच्या सहा सिलिंडर इंजिनाला हात घालणाऱ्यांचं सर्वांत लाडकं इंजिन म्हणजे कमिन्सचं ५.९ लिटरचं, बी मालिकेतलं सिक्स-बीटी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, १०२ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १२० मिलिमीटर. मध्यम ट्रक, शेतीची आणि बांधकामाची यंत्रं यांच्यासाठी ते बनवलं होतं. १९८९ च्या मॉडेलपासून ते डॉज रॅम पिकअपमध्ये बसलं, तेव्हा त्याची ताकद होती १६० हॉर्सपॉवर आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४०० पौंड-फूट, म्हणजे सुमारे ५४० न्यूटन-मीटर. हॉर्सपॉवरच्या आकड्यात काही विशेष नव्हतं. विशेष होतं ते हे, की ट्रकचं हाड जसंच्या तसं पिकअपच्या बॉनेटखाली आलं होतं. क्रँकला सात मेन बेअरिंग. व्हॉल्व्ह वेळेवर उघडायच्या टायमिंगला पट्टा नाही, गिअर. पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलचा फवारा.

आपल्याकडे हे इंजिन परकं नाही. टाटा आणि कमिन्स यांनी १९९३ साली जमशेदपूरला भागीदारी केली आणि हीच बी मालिका टाटाच्या ट्रकांमध्ये आली. हायवेवरच्या ढाब्यावर ‘कमिन्स गाडी’ म्हणतात ती हीच. भागीदारीचा एक कारखाना आता सातारा जिल्ह्यात फलटणलाही आहे. त्याच्याही कितीतरी आधी, १९६२ साली, पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली होती. त्यामुळे अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस या छोट्या गावाचं नाव पुण्यातल्या कोथरूडच्या पुष्कळ घरांत बोलण्यात असायचं. कमिन्स कंपनी १९१९ साली जन्मली ती याच कोलंबसमध्ये.

सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पहिला आणि सहावा पिस्टन बरोबर वर जातात, दुसरा आणि पाचवा बरोबर, तिसरा आणि चौथा बरोबर, आणि या तीन जोड्या एकमेकींपासून १२० अंशांवर. १-५-३-६-२-४ अशा क्रमाने प्रत्येक १२० अंशांना एक पेट. वर-खाली जाणाऱ्या वजनांचे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमाचे सगळे धक्के आणि सगळे पीळ एकमेकांत विरून जातात, त्यासाठी वेगळा बॅलन्स शाफ्ट लावावा लागत नाही. हे गणित फळ्यावर मांडताना शेवटच्या ओळीत शून्य येतं, आणि ते शून्य मी अजूनही आनंदाने लिहिते. सहा सिलिंडरच्या रांगेला ताकद वाढवलेली सोसते, त्यामागे धातूची जाडी आहे तसं हे शून्यही आहे.

माझा एक वर्गमित्र कोलंबसच्या जवळ राहतो. त्याच्याकडे १९९५ ची डॉज आहे, आता रस्त्यावर न चालणारी. ती ट्रेलरवर चढवून काउंटी फेअरच्या, म्हणजे तिथल्या जत्रेच्या, मैदानावर नेतात आणि तिथे तिने स्लेज ओढायची. ही स्लेज हुशारीने बनवलेली असते. गाडी पुढे जाईल तसं स्लेजच्या चाकांना जोडलेल्या साखळीने वजनाचा पेटारा मागून पुढे सरकत येतो आणि स्लेजचं तोंड मातीत दाबत जातो. म्हणजे सुरुवातीला हलकं आणि प्रत्येक फुटाला जड. तीनशे फूट गेलात तर पूर्ण ओढ. हा सगळा खेळ काही सेकंदांचा.

त्याच्या शेडमध्ये मी पोचले तेव्हा इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, बाकावर होतं आणि पंपाला त्याने हातही लावला नव्हता.

“पंप कधी?” मी विचारलं.

“अगं, डिझेल सगळ्यात शेवटी. आधी बघायला डोळे हवेत.”

डोळे म्हणजे दोन घड्याळं. एक टर्बोच्या हवेचा दाब दाखवणारं आणि दुसरं पायरोमीटर, म्हणजे जळक्या वायूचं तापमान दाखवणारं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये टर्बोच्या अलीकडे बसवलेलं. डिझेल जास्त आणि हवा कमी झाली की या दुसऱ्या घड्याळाचा काटा सर्रकन चढतो. सलग चालवायचं असेल तर ७०० अंश सेल्सियसच्या वर जायचं नाही, हा या इंजिनाच्या लोकांचा रूढ दंडक. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन वायूइतका तापत नाही, कारण खालून ऑइल त्याला गार करत असतं आणि दर चक्रात थंड हवाही आत येते. पण पिस्टनच्या माथ्याची कड हळूहळू त्या आकड्याच्या दिशेने सरकत असते. काही सेकंदांची ओढ असेल तर काटा आठशेच्या पार गेला तरी पिस्टनचा धातू तापायच्या आत खेळ संपतो. स्लेजच्या मैदानावर याच इंजिनाच्या घडणीची यंत्रं दोन हजारांहून जास्त हॉर्सपॉवर काढतात. त्यांचे ब्लॉक, हेड, टर्बो सगळं वेगळं असतं आणि एकावर एक टर्बो चढवलेले असतात हे खरं, पण त्या आकड्याचं खरं रहस्य वेळात आहे.

मग हेडचे बोल्ट काढून जाड, जास्त ताण घेणारे स्टड. आतला दाब वाढला की हेड किंचित उचलतं आणि हेड पॅकिंग जातं. या इंजिनाला वेगळे लायनर नाहीत, सिलिंडर ब्लॉकमध्येच बोअर केलेले. त्यामुळे पॅकिंग फुटून ब्लॉकचा माथा कोरला गेला तर सगळा ब्लॉक मशीनवर न्यावा लागतो. त्यानंतर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. वेग आवरणाऱ्या गव्हर्नरला कडक स्प्रिंगा घालून इंजिनाला तीन हजारांच्या पुढे पळू द्यायचं, तर मूळच्या मऊ स्प्रिंगा व्हॉल्व्हला तो उघडणाऱ्या कॅमबरोबर ठेवू शकत नाहीत. व्हॉल्व्ह हवेत तरंगतो आणि खालून पिस्टन येतो. त्यानंतर मोठा टर्बो, आणि मग पंप.

पंप बॉशचा, पी-७१००. ही माझी आवडती वस्तू, म्हणून जरा रेंगाळते. सहा सिलिंडरना सहा प्लंजर. प्रत्येक प्लंजरच्या अंगावर एक तिरकी खाच. प्लंजर वर जाताना ती खाच भोकासमोर आली की डिझेल परत फिरतं आणि फवारा थांबतो. रॅक नावाची एक दातेरी पट्टी सहाही प्लंजर एकदम जरासे फिरवते, म्हणजे खाच लवकर किंवा उशिरा समोर येते आणि फवारा कमी किंवा जास्त होतो. रॅकने कुठवर जायचं ते ठरवायला लोखंडाची एक छोटी पट्टी असते, कानशीने घासलेल्या आकाराची. ताकद वाढवणारे ती पट्टी पुढे सरकवतात, घासतात किंवा काढूनच टाकतात. शेजारीच एक पडदा असतो. टर्बोच्या हवेची नळी त्याच्यावर येते आणि हवेचा दाब चढल्याशिवाय हा पडदा रॅकला पुढे जाऊ देत नाही. हवा नाही, तर डिझेल नाही. ज्यांनी हा पंप बनवला त्यांनी सगळं शहाणपण त्या पडद्यात घालून ठेवलं आहे. मित्राने पट्टी सरकवली, पडदा ठेवला. मला ते मनापासून आवडलं.

कोलंबसपासून तासाभराच्या अंतरावर इंडियानापोलिसची धावपट्टी आहे. सहा सिलिंडरच्या ट्रक इंजिनातून ताकद काढण्याची माझ्या मते सर्वांत थोर गोष्ट तिथे १९५२ साली घडली. ५०० मैलांच्या शर्यतीसाठी कमिन्सने २८ नंबरची गाडी आणली. आत होतं रस्त्यावरच्या ट्रकचं ६.६ लिटरचं, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. ट्रकात ते २५०० आरपीएमला दीडशेच्या घरात हॉर्सपॉवर द्यायचं. शर्यतीच्या गाडीत त्याच इंजिनाने ४००० आरपीएमला सुमारे ३८० दिले. या अडीचपटीचा हिशेब मांडून पाहिला की फार सुंदर दिसतो. वेग वाढला १.६ पट. उरलेली वाढ, म्हणजे प्रत्येक फेरीमागचा जोर, तोही जवळजवळ तेवढाच, १.६ पटीच्या आसपास. निम्मं श्रेय वेगाचं, निम्मं हवेचं. आणि ही हवा आली टर्बोतून. इंडियानापोलिसच्या शर्यतीत टर्बो लावून उतरलेली ती पहिली गाडी.

वजन कमी करायला इंजिनात अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे भाग घातले, तरी गाडी जड ती जडच, १४०० किलोच्या आसपास. सहा सिलिंडरची रांग उंच असते. ती उभी ठेवली तर गाडी उंच, हवा कापताना अडणार. म्हणून गाडी बांधणाऱ्या फ्रँक कर्टिसने इंजिन चक्क कुशीवर निजवलं, आडव्यापासून पाच-एक अंशच वर. चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट चालकाच्या खालून न नेता शेजारून नेला, त्यामुळे चालकही खाली बसला. ट्रकच्या इंजिनाभोवती अशी चपटी, जमिनीला चिकटलेली गाडी तयार झाली. फ्रेड अ‍ॅगाबाशियन चालवायला होते. शर्यतीत कोण पुढे उभं राहणार हे ठरवणाऱ्या चार फेऱ्यांत, म्हणजे दहा मैलांत, त्यांनी ताशी १३८.०१० मैलांची सरासरी काढली, सुमारे २२२ किलोमीटर. त्या क्षणी तो धावपट्टीचा विक्रम होता. पुढच्या दिवसांत दुसऱ्या गाडीने त्याहून वेग काढला, पण नियमाप्रमाणे पहिल्या रांगेतली पहिली जागा, पोल, डिझेल ट्रकच्या इंजिनाचीच राहिली. इतक्या वजनाला टायर मात्र जेमतेम पुरले. चार फेऱ्यांत त्यांचं रबर निघालं.

३० मे रोजी शर्यत झाली. दोनशे फेऱ्यांपैकी एकाहत्तर फेऱ्यांनंतर २८ नंबरची गाडी थांबली. धावपट्टीवर उडणारे रबराचे कण आणि धूळ टर्बोच्या तोंडातून आत जाऊन तो तुंबला होता. हवा घेण्याचं तोंड गाडीच्या नाकाशी, अगदी खाली होतं. ज्या चपटेपणाने पोल मिळवून दिला, त्यानेच हवेचं तोंड धुळीजवळ नेलं. शर्यत ट्रॉय रटमन या बावीस वर्षांच्या चालकाने जिंकली, आणि डिझेलची गाडी निकालात सत्ताविसावी लागली. कमिन्सने त्यानंतर त्या शर्यतीत गाडी उतरवली नाही.

मी या गोष्टीकडे हरलेली शर्यत म्हणून बघत नाही. दहा मैलांचा एक प्रयोग आणि पाचशे मैलांचा दुसरा प्रयोग एकाच महिन्यात, एकाच इंजिनावर, हजारो लोकांसमोर झाला. पहिल्यात उत्तर मिळालं की ट्रकचं इंजिन अडीचपट ताकद देऊ शकतं. दुसऱ्यात उत्तर मिळालं की ती ताकद टिकवायची तर हवा स्वच्छ लागते. पंपात काही खोट नव्हती, डिझेलही भरपूर होतं. आजच्या कुठल्याही ट्रकच्या केबिनमागे उंचावर लावलेलं एअर क्लीनरचं तोंड पाहिलं की मला ही दुसरी बाजू आठवते. उंचावर, कारण खाली धूळ असते.

आमच्या अप्पांचा ट्रक होता, कराडहून पुण्याकडे-मुंबईकडे माल नेणारा. आधी टाटाचं ६९७ इंजिन, नंतर कमिन्स. परतीच्या फेरीला खंबाटकी घाट चढताना लोडेड गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पंधरा-वीस मिनिटं पूर्ण दाबलेली. गाडीचा वेग नाही, म्हणून रेडिएटरला समोरून वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. डिझेलमधल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा क्रँकला मिळतो, तिसरा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला बराचसा पाण्यात. पंप वाढवला म्हणजे तिन्ही हिस्से वाढले, पण रेडिएटर तोच राहिला. दोस्त ड्रायव्हर पंप वाढवून घ्यायचे आणि घाटात अप्पांना मागे टाकून पुढे जायचे. अप्पांनी मिस्त्रीला बजावलेलं माझ्या कानात आहे, “पंपाला हात लावायचा न्हाई. घाट काय आखूड झालाय व्हय?” त्यांना पायरोमीटर माहीत नव्हतं. हिशेब मात्र तोच होता.

काळ्या धुराबद्दल माझं मत कडक आहे. अमेरिकेत काही जण मुद्दाम डिझेल वाढवून, पडदा काढून, रस्त्यावर काळे लोट सोडतात आणि त्याला शौक म्हणतात. तिथल्या स्वच्छ हवेच्या कायद्याने धूर रोखणाऱ्या भागांशी अशी छेडछाड करायला मनाई आहे. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीने दिलेल्या मूळ घडणीत मनाला येईल तसे बदल करू देत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी तो धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं डिझेल आहे. पैसे देऊन विकत घेतलेली ताकद सायलेन्सरमधून बाहेर टाकायची आणि ती मागून येणाऱ्या सायकलवाल्या पोराच्या छातीत घालायची, यात मला कसलंही कौशल्य दिसत नाही. ज्याला खरंच इंजिन कळतं त्याची गाडी जोरात ओढते आणि धूर कमी सोडते.

जुनं सिक्स-बीटी कुणाच्या हाती आलं तर एक गोष्ट सांगते, कारण ती कळायला पुढचं कव्हर उघडावं लागतं. पुढच्या गिअर हाउसिंगमध्ये पोलादाची एक छोटी डॉवेल पिन असते, हाउसिंग जागेवर बसवण्यापुरती. वर्षानुवर्षांच्या कंपनाने ती सैल होऊन बाहेर सरकते आणि टायमिंगच्या गिअरमध्ये पडते. दातांमध्ये सापडली तर गिअर जातात, हाउसिंग फुटतं, कधी इंजिनच जातं. अमेरिकेतल्या मिस्त्रींमध्ये तिला खुनी पिन म्हणतात. उपाय फार साधा. पिनेच्या तोंडावर येईल अशी पत्र्याची एक जीभ शेजारच्या बोल्टखाली दाबून बसवायची. पत्र्याला खर्च जवळजवळ काहीच नाही, वेळ लागतो तो कव्हर काढण्यात. मित्राने ती जीभ स्टड, स्प्रिंगा, टर्बो, पंप या सगळ्यांच्या आधी बसवली होती, आणि कव्हर लावण्यापूर्वी बोल्ट आवळलाय ना, हे त्याने मलाही पाना लावून बघायला सांगितलं.